आश्रय कोणी दिला? : दलित आत्मकथनांतील निराधार किशोर

दलित आत्मकथनांवर आजवर जे लिहिले गेले, त्यातील बरीचशी चर्चा भूक, अपमान, नकार आणि विद्रोह या चार शब्दांभोवती फिरत राहिली. ते स्वाभाविकच होते. ज्या समाजाची भूक मराठी साहित्याने कधी मोजलीच नव्हती, त्याने ती प्रथम मोजून दाखविणे आवश्यक होते. परंतु ही आत्मकथने मी गेली काही वर्षे वाशीम जिल्ह्यातील एका महाविद्यालयात शिकवतो आहे आणि शिकवताना एक प्रश्न मला सतत टोचत राहिला आहे. या पुस्तकांतला बारा-पंधरा वर्षांचा पोरगा रात्री झोपला कोठे? त्याच्या पुढ्यात भाकरी कोणी टाकली, कोणत्या अटीवर टाकली, आणि त्या भाकरीसाठी कोणाचे पोट कमी भरले? आमच्या समीक्षेने वेदना मोजली, आश्रय मोजला नाही, असे माझे म्हणणे आहे. आणि ही केवळ वाङ्‌मयीन चूक नाही. तिची किंमत आजही निराधार पोरे मोजत आहेत.

प्रस्थापित मराठी कादंबरीशी तुलना केली म्हणजे हा मुद्दा स्पष्ट होतो. भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ १९६३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचा नायक पांडुरंग सांगवीकर खानदेशातून पुण्याला येतो, वसतिगृहात राहतो, वडिलांचा पैसा उडवितो, परीक्षेत हरतो आणि गावी परततो. त्याच्या परतण्यात हताशा आहे, तुटलेपण आहे, हे सर्व खरेच. पण परतायला त्याला घर आहे, शेत आहे, आणि ज्याच्याशी भांडावे असा बाप आहे. त्याच्या दृष्टीने वसतिगृह म्हणजे घरापासून दूर पडणे. आता प्र. ई. सोनकांबळे यांचे १९७९ मधील ‘आठवणींचे पक्षी’ घ्या. येथे आईबाप लहानपणीच गेलेले आहेत. पोर बहिणीच्या दारात वाढते. या पोराला नापास होण्याची चैन परवडणारी नाही, कारण नापास झालेल्या पोराने परत जावे असे ठिकाणच नाही. त्याच्यासाठी शाळेची पडवी, कोणाचा तरी ओटा, पुढे वसतिगृहाची खोली, हीच क्रमाक्रमाने मिळत गेलेली घरे आहेत. एकाच भाषेत, सोळा वर्षांच्या अंतराने लिहिलेल्या या दोन पुस्तकांत ‘वसतिगृह’ हा शब्द दोन निरनिराळ्या अर्थांनी येतो. पहिल्या अर्थाची चर्चा मराठी समीक्षेने भरपूर केली. दुसऱ्या अर्थाला तिने अजून हातच घातलेला नाही.

‘आठवणींचे पक्षी’ वर्गात शिकवत असताना एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, त्या मेहुण्याचं खरंच चुकलं का?” वर्ग हसला. मला तो प्रश्न मोठा मोलाचा वाटला. आम्ही सर्व वाचकांनी मेहुण्याला केव्हाच गुन्हेगार ठरवून टाकले होते. बहीण प्रेमळ, मेहुणा निष्ठुर, पोर बिचारे, अशी सोपी वाटणी केली की वाचन संपते. परंतु रोजमजुरीवर जगणाऱ्या, स्वतःचीच लेकरे अर्धपोटी झोपवणाऱ्या माणसाच्या घरात आणखी एक तोंड वाढते, तेव्हा काय घडते? तेथे निष्ठुरता स्वभावातून येते की रिकाम्या मडक्यातून येते? मी स्वतः आमच्या घरातला पहिला पदवीधर. माझी शाळेची चार वर्षे मावशीच्या घरी गेली. मावशी भाकरी मोजून थापायची. माझी एक जास्तीची भाकरी तिच्या वाट्यातून वजा होत होती, आणि काका जेवताना माझ्याकडे पाहायचे टाळीत. त्या न पाहण्यात राग होता की लाज होती, हे मला आजही सांगता येणार नाही. पण एवढे मला ठाऊक आहे की, त्या घरात दरमहा दहा किलो ज्वारी जादा आली असती, तर काकांनी मान वर केली असती.

म्हणून नातेवाइकांच्या मायेचे गोडवे गाणारी भाषा मला खोटी वाटते, आणि नातेवाइकांच्या कठोरपणावर बोट ठेवून थांबणारी समीक्षाही अपुरी वाटते. आमच्या वस्त्यांतून अनाथ पोराला प्रथम सांभाळले ते आजीने, मावशीने, बहिणीने, शेजारणीने. हे काम त्यांनी धान्य नसताना केले. ही व्यवस्था कोणी कागदावर लिहून ठेवली नाही, तिच्यासाठी वर्गणी गोळा झाली नाही. तिचा एकमेव दस्तऐवज म्हणजे आमची आत्मकथने होत. ती तशी वाचली पाहिजेत.

शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ (१९८४) या दृष्टीने पुन्हा उघडून पाहावे. त्या पुस्तकावरची चर्चा प्रामुख्याने जन्माच्या, बापाच्या नावाच्या, अनौरसपणाच्या प्रश्नाभोवती झाली. पण या पोराला वाढविले कोणी? संतामाय या आजीने, आणि तिच्यासोबत राहणाऱ्या दादाने. दादा मुसलमान, एस.टी. स्टँडवर हमाली करणारा. रक्ताचे नाते नाही, धर्म एक नाही, लग्नाचा शिक्का नाही. तरीही ते कुटुंब आहे. ज्या समाजव्यवस्थेने बाप असूनही बापपण नाकारले, तिच्या नाकावर टिच्चून एका हमालाने आजोबापण निभावले. माणसाला माणूस म्हणून स्वीकारणारे हे जे मूल्य आहे, ते संविधानातील बंधुतेचेच मूल्य आहे, आणि ते स्टँडच्या फरशीवर जगले गेले. नारायण सुर्वे यांची हकिगत सर्वांना माहीत आहे. रस्त्यावर सापडलेले ते मूल गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने घरी नेले, आपले आडनाव दिले. पुढे गंगाराम नोकरी संपवून कोकणात गेले आणि कोवळ्या वयाचा नारायण पुन्हा मुंबईच्या रस्त्यावर आला. कामगाराची माया खरी होती, पण निवृत्त कामगाराच्या हातात ती पुढे चालविण्याची ऐपत नव्हती. आश्रय किती काळ टिकेल हे मनाच्या मोठेपणावर ठरत नाही, ते मिळकतीवर ठरते.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची आई त्यांच्या लहानपणीच वारली आणि त्यांना सांभाळले ते आत्या मीराबाईंनी. आज आपल्या प्रत्येक घरात बाबासाहेबांची तसबीर आहे, रमाईची आहे, अलीकडे भीमाईचीही दिसते. मीराबाईंची मी कोठे पाहिली नाही. आश्रय देणाऱ्या बाईचे नाव विसरण्याची ही सवय आपल्यात किती खोल गेली आहे, याचा हा पुरावा होय.

बाबासाहेब मात्र विसरले नव्हते. पोराला नुसती शाळा देऊन भागत नाही, त्याला रात्रीचे छप्पर आणि दोन वेळचे अन्न द्यावे लागते, हे त्यांच्या कार्यक्रमात सुरुवातीपासून आहे. बहिष्कृत हितकारिणी सभा १९२४ मध्ये स्थापन झाली आणि १९२५ मध्ये तिने सोलापूरला वसतिगृह काढले. त्यापूर्वी १९०८ मध्ये कोल्हापुरात शाहू महाराजांच्या आश्रयाने अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झाले होते. आमच्या वऱ्हाडचे गाडगेबाबा यांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली, कारण तेथे पोरे राहून शिकावीत ही त्यांची इच्छा होती. औरंगाबादला (आताचे छत्रपती संभाजीनगर) १९५० मध्ये महाविद्यालय निघाले आणि मराठवाड्यातील खेड्यापाड्यांतून आलेली पोरे नागसेनवनातल्या वसतिगृहांत राहिली. दलित साहित्याची एक पिढी त्या खोल्यांतून बाहेर पडली. ‘बलुतं’ (१९७८) लिहिणाऱ्या दया पवारांच्या आयुष्यातही संगमनेरचे बोर्डिंग आहे. तेव्हा दलित साहित्याची जन्मकथा सांगताना आपण लघुनियतकालिके सांगतो, पँथर सांगतो, अमेरिकेतील काळ्यांचे साहित्य सांगतो. त्या यादीत बोर्डिंगचे स्वयंपाकघर कधी येणार? लिहिणारा हात ज्या ताटावर पोसला, ते ताट साहित्याच्या इतिहासाबाहेर ठेवता येणार नाही.

या वाचनाची दुसरी बाजूही आहे. आत्मकथन लिहिले ते आश्रय मिळालेल्यांनी. ज्या पोराला बहिणीच्या दारातून हाकलले आणि पुढचे दार उघडले नाही, तो आत्मकथन लिहायला उरला नाही. तो हॉटेलात कपबशा धूत राहिला, वीटभट्टीवर गेला, रेल्वेत चढला आणि कोठे उतरला ते कोणाला कळले नाही. यशस्वी झालेल्यांच्या कहाण्या वाचून ‘जिद्द असली की पोरगा वर येतो’ असा निष्कर्ष काढणारे शिक्षक मला रोज भेटतात. त्यांना माझा प्रश्न असा की, जिद्द काय फक्त वर आलेल्यांतच होती?

आणि मुली? बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’मध्ये महारवाड्यातील सुनांचा जो छळ आला आहे, तो वाचताना ध्यानात येते की मुलीला ‘आश्रय’ या नावाखाली जे मिळाले ते सासर होते. मुलगा निराधार झाला तर त्याला ओटा तरी मिळे. मुलगी निराधार होण्याची नुसती शंका आली तरी तिला उजवून टाकीत. बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६ चा आहे. परंतु दिवाळीनंतर वर्गातील एखादी अकरावीची मुलगी येईनाशी होते. चौकशी केली तर कळते की आईबाप ऊसतोडीला जाणार होते, तरण्या पोरीला मागे कोणाच्या भरवशावर ठेवायचे, म्हणून लग्न लावले. त्या आईबापांना अडाणी म्हणणे सोपे आहे. तालुक्याच्या गावी मुलींचे वसतिगृह असते आणि त्यात तिला जागा मिळाली असती, तर त्यांनी वेगळा निर्णय घेतला असता की नाही, एवढेच मला विचारायचे आहे.

आजकाल ‘धोक्यातील किशोर’ असा शब्दप्रयोग अहवालांतून वाचायला मिळतो. त्यातून असा भास होतो की धोका पोराच्या अंगात आहे, तो केव्हाही बिघडेल, म्हणून त्याला सुधारले पाहिजे. आमचे साहित्य याच्या नेमके उलट सांगते. लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) वाचा. तेथे धोका घरात मध्यरात्री शिरणाऱ्या पोलिसाच्या रूपाने येतो. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’मध्ये (१९८०) गाढवांवर बिऱ्हाड लादून गावोगाव फिरणाऱ्या पोराला गावच धोका आहे. १८७१ च्या कायद्याने ज्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरविल्या, त्यांच्यावरचा तो शिक्का १९५२ मध्ये कायद्याने पुसला, पण ठाण्यातल्या हवालदाराच्या डोक्यातून पुसला गेला नाही.

आमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात, नांदगाव खंडेश्वर तालुक्यातील मंगरूळ चव्हाळा येथे मतीन भोसले या फासेपारधी समाजातील शिक्षकाने सरकारी शाळेतील नोकरी सोडली आणि भीक मागत फिरणारी पारधी मुले गोळा करून आश्रमशाळा उभी केली. तिचे नाव ‘प्रश्नचिन्ह’. हे नाव मला अनेक कवितांपेक्षा अर्थपूर्ण वाटते. समाज ज्या पोरांकडे प्रश्न म्हणून पाहत होता, त्या पोरांनीच आता समाजाला प्रश्न विचारावा, असा त्यात भाव आहे. ही शाळा पारधी माणसाने पारधी पोरांसाठी काढली, हे महत्त्वाचे. तिला दया म्हणता येणार नाही. २०१९ मध्ये समृद्धी महामार्गासाठी या शाळेच्या आवारातील बांधकामावर यंत्र चालले. तोच महामार्ग आमच्या वाशीम जिल्ह्यातूनही गेला आहे. समृद्धीच्या वाटेत सर्वांत आधी कोणाचे छप्पर येते, हे समजण्यासाठी यापेक्षा वेगळे उदाहरण शोधण्याची गरज नाही.

वाशीम जिल्हा १९९८ मध्ये अकोल्यातून वेगळा झाला. शेतकरी आत्महत्यांमुळे २००६ मध्ये केंद्राने विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केले, त्यांत तो होता. २०१८ च्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीतही तो आहे. सोयाबीन घरात आल्यावर तांड्यांतून, बौद्धवाड्यांतून, मातंग वस्त्यांतून माणसे कामाला बाहेर पडतात. मागे राहतात म्हाताऱ्या आणि पोरे. गेल्या वर्षी प्रवेशाच्या अर्जावर ‘पालकाची सही’ या रकान्यात अंगठा उमटवायला एक आजी आली होती. पोरगा तिच्या मयत भाच्याचा. कारकुनाने नाते विचारले. ती म्हणाली, “पोटचं नाही बापा, पण माह्या चुलीवरचं हाये.” कारकुनाच्या रकान्यात ते नाते बसले नाही. आमच्या साहित्यात मात्र ते पानापानावर आहे.

अशा आजीसाठी कायद्यात काही नाही असे नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्याने स्पष्ट म्हटले आहे की, मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय समजावा आणि त्याची काळजी आधी कुटुंबात घेतली जावी. राज्य शासनाची बालसंगोपन योजना याच तत्त्वावर आहे. अनाथ किंवा एकच पालक असलेल्या मुलाला नातेवाइकाच्या किंवा दुसऱ्या कुटुंबाच्या घरी सांभाळण्यासाठी ती दरमहा रक्कम देते. ही रक्कम पूर्वी ११०० रुपये होती, २०२३ मध्ये ती २२५० करण्यात आली आणि योजनेला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव दिले गेले. नाव योग्यच आहे. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह काढले आणि तेथे जन्मलेल्या यशवंताला १८७४ मध्ये दत्तक घेतले. संस्था काढली आणि आपल्या घराचे दारही उघडले, दोन्ही केले. परंतु सावित्रीबाईंच्या दारात मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड आणि बँकेचे पुस्तक घेऊन उभे राहावे लागत नव्हते. आमच्या आजीला बाल कल्याण समितीपुढे जायचे म्हणजे जिल्ह्याला फेरी, फेरी म्हणजे रोज बुडणे, आणि एवढे करून एक कागद कमी. ज्या पारधी पोराच्या जन्माचीच नोंद नाही, त्याने काय करावे?

शिवाय अठरा वर्षे पूर्ण झाली की हे सर्व थांबते. श्रीमंताच्या घरी अठराव्या वर्षी मुलाच्या शिक्षणावरचा खर्च खऱ्या अर्थाने सुरू होतो. निराधाराच्या बाबतीत तो त्याच दिवशी बंद होतो. अमरावती जिल्ह्यातच वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर अनेक वर्षे बेवारस दिव्यांग मुलांना सांभाळत आले आहेत आणि बापाच्या जागी स्वतःचे नाव देत आले आहेत. अठरा वर्षांनंतर या मुलांनी जायचे कोठे, हा प्रश्न त्यांनी सरकारपुढे वारंवार मांडला. त्यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१५ च्या कायद्यात अनुरक्षणाची तरतूद आहे, अनाथांना राज्याने २०१८ मध्ये एक टक्का आरक्षण दिले आहे. पण तरतूद आणि ताट यांच्यामधले अंतर चालून जायला पोराला कोणीतरी सोबती लागतो. अर्ज भरणारा, रांगेत उभा राहणारा, ‘हा आमचा आहे’ असे सांगणारा.

माझ्या या प्रतिपादनावर आमच्याच काही मित्रांचा आक्षेप येईल. ते म्हणतील, तुम्ही विद्रोहाचे साहित्य माया-ममतेच्या कोपऱ्यात नेऊन बसवता आहात. कुटुंब हे तर जातीचे आणि पुरुषसत्तेचे कारखाने आहेत. आक्षेप वजनदार आहे. ‘जिणं आमुचं’ वाचलेल्या माणसाला कुटुंबाची आरती करता येणार नाही. परंतु मी ज्याला कुटुंब म्हणतो आहे ते वंशावळीवर उभे नाही. संतामाय आणि दादा यांचे कुटुंब कोणत्या जातीचा कारखाना होता? बोर्डिंगात एकाच पंगतीला बसलेल्या महार, मांग, चांभार पोरांचे कुटुंब कोणती शुद्धता सांभाळत होते? जातीने माणसाचे घर रक्तावर बांधले. आमच्या लोकांनी गरजेपोटी ते चुलीवर बांधले. रक्ताऐवजी चूल मानणे हा माझ्या मते जातिव्यवस्थेवरचा मोठा नकार आहे, आणि तो आमच्या निरक्षर बायांनी दिलेला आहे. विद्रोहाच्या व्याख्येत तो बसत नसेल, तर व्याख्या अपुरी आहे.

तेव्हा दलित समीक्षेपुढे मला एक काम दिसते. आत्मकथन हातात घेतल्यावर नायकाचा प्रवास मांडून थांबू नये. त्याला कोणी सांभाळले, किती दिवस, कशाच्या बळावर, आणि ते बळ कोठे संपले, हे शोधावे. भावंडांपैकी कोणाची शाळा सुटली म्हणून याची टिकली, ते विचारावे. असे वाचन केल्याने साहित्यकृती लहान होत नाही. तिच्या कडेला उभी असलेली माणसे प्रथमच प्रकाशात येतात.

आणि जे कार्यकर्ते, शिक्षक, विद्यार्थी हे वाचत आहेत त्यांना एवढेच सांगायचे आहे. तुमच्या गावात, तुमच्या वर्गात, चुलीवरच्या नात्याने वाढणारे एखादे पोर आहेच. जयंतीच्या वर्गणीतून त्याच्या आजीच्या घरी ज्वारीचे एक पोते जाऊ शकते. तिच्यासोबत जिल्ह्याच्या कचेरीत एक दिवस उभे राहता येते. विहाराची खोली रात्री अभ्यासाला आणि झोपायला उघडी ठेवता येते. मुलींसाठी वसतिगृह मागणारा मोर्चा काढता येतो. बाबासाहेबांनी परिषदा भरविल्या तशी बोर्डिंगेही काढली. त्यांच्या चळवळीची ही दोन्ही अंगे होती. त्यांपैकी एक आपण सांभाळले आहे. दुसरे पुन्हा उभे करायचे आहे.